बाहुलीच्या पोटात बाहुली

दोस्तांनो, दिवाळी संपली आणि फराळाचे डबे रिकामे झाले की तुमच्याकडे काय होतं? सहामाहीचे तपासलेले पेपर हातात पडतात आणि घरात एकदम शांतता पसरते. खरं ना? पण महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, नेमकी तेव्हाच खरी धमाल सुरू होते.

धानाची कापणी झालेली असते. चिखलाने भरलेल्या बांध्या आता कोरड्या, मोकळ्या पडलेल्या असतात. कुठे मंडई भरते, कुठे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मधली काही वर्षं न्यायालयाच्या बंदीमुळे पट थांबले होते, २०२१च्या शेवटी ते पुन्हा सुरू झाले. आणि मंडई किंवा पट असला की रात्री काय असणार? नाटक! भोंगा लावलेली गाडी गावोगाव फिरते आणि आजच्या नाटकाचं नाव घशाला कोरड पडेपर्यंत ओरडून सांगते. लेकी-जावई, मामा-मावश्या मुक्कामाला येतात. पाहुणे एवढे जमतात, की या नाटकांच्या निमित्ताने पोरापोरींची लग्नंसुद्धा ठरतात.

रात्री नऊ-दहाला पडदा उघडतो. लोक चादरी, घोंगड्या घेऊन आलेले असतात. स्टेजवरचे नट नुसते बोलत नाहीत, गातातही. खाली वादक साथीला बसलेले असतात. आई-मुलाची ताटातूट झाली की बायका पदराने डोळे पुसतात, विनोदी पात्र आलं की मांडव हलतो. हे सगळं चालतं थेट पहाटेपर्यंत. शेवटचा पडदा पडतो तेव्हा कोंबडा आरवत असतो आणि पोरं आईच्या मांडीवर गाढ झोपलेली असतात.

हीच ती झाडीपट्टी रंगभूमी. झाडी म्हणजे जंगल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धान पिकवणाऱ्या, जंगलाने वेढलेल्या मुलखाला ‘झाडीपट्टी’ म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा (त्याचंच दुसरं नाव देसाईगंज) हे या नाटकांचं मोठं ठाणं. नाटक मंडळ्यांची ऑफिसं तिथे एकाला एक लागून आहेत. गावचे लोक तिथे जातात, नाटक ठरवतात, विसार देतात आणि तारीख पक्की करून परततात. या नाटकांच्या आधी इथे दंडार होती, खडी गंमत होती, डाहाका होता. आजचं नाटक त्याच लोककलांच्या मातीतून वर आलं आहे.

आता एक प्रश्न. याच भागातला एखादा मुलगा पुण्या-मुंबईच्या शाळेत गेला आणि ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाला, ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’ म्हणाला, तर वर्गात काय होईल? खरं सांगा हं! मागच्या बाकावरून खसखस पिकेल. आणि तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून कमी बोलायला लागेल. पहाटेपर्यंत ज्या भाषेवर तो पोट धरधरून हसला, तीच भाषा त्याला लपवावीशी वाटेल.

असं का होतं? आपली भाषा, आपली कला, आपलं गाव यांची लाज वाटणं आणि अभिमान वाटणं, यांच्यात नेमकं काय घडतं? याचं उत्तर शोधायला आपण जरा लांब जाऊ या. गडचिरोलीपासून सुमारे पाच हजार किलोमीटर लांब, जगातल्या सगळ्यात मोठ्या देशात. रशियात! कारण हाच प्रश्न या देशाला तीनशे वर्षांपासून छळतो आहे.

आपल्याच भाषेची लाज

सतराव्या शतकाच्या शेवटी रशियात पीटर नावाचा राजा होता. उंच, धिप्पाड आणि अतिशय हट्टी. तो युरोप पाहून आला आणि त्याला वाटलं, आपला देश फार मागे पडला. १६९८ साली परत येताच त्याने काय केलं असेल? सरदारांच्या लांबलचक दाढ्या कापायला सुरुवात केली! पुढे तर त्याने दाढीवर कर बसवला. कर भरला की एक धातूचा बिल्ला मिळायचा. तो जवळ असेल तरच दाढी ठेवता येई.

पीटरने जहाजं बांधली, शाळा काढल्या, नवं शहर वसवलं. पण हळूहळू मोठ्या घरांतल्या लोकांना वाटू लागलं, की चांगलं ते सगळं बाहेरचं. पुढे तर ते घरातही फ्रेंच बोलू लागले. रशियन भाषा कुणासाठी? स्वयंपाकघरासाठी, तबेल्यासाठी, नोकरचाकरांसाठी. लिओ टॉलस्टॉय यांची ‘युद्ध आणि शांती’ ही जगप्रसिद्ध कादंबरी आहे ना, ती रशियन भाषेतली. पण तिची सुरुवात होते ती फ्रेंच बोलण्याने! कारण त्या काळचे उमराव तसेच बोलत.

अशाच एका उमराव घरात १७९९ साली एक मुलगा जन्मला. अलेक्झांडर पुश्किन. त्याचंही लहानपण फ्रेंचमध्येच गेलं. पण त्या घरात एक दाई होती, अरीना रोदिओनोव्हना. भूदास घराण्यात, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांत जन्मलेली. तिच्यापाशी गोष्टींचं भांडार होतं आणि ते सगळं साध्या, खेडवळ रशियनमध्ये. पुश्किन मोठा झाला, कवी झाला, राजाच्या मर्जीतून उतरला. १८२४ साली त्याला मिखाइलोव्हस्कोये या खेड्यात नजरकैदेत राहावं लागलं. तिथे सोबतीला कोण? तीच म्हातारी दाई. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी ती गोष्टी सांगायची आणि हा मोठा कवी वही घेऊन त्या लिहून काढायचा. पुढे त्याने पद्यात ज्या परीकथा लिहिल्या, त्या आजही रशियातलं पोरगं पोरगं जाणतं.

ज्या भाषेला दिवाणखान्यात जागा नव्हती, तीच आज रशियाची साहित्याची भाषा आहे आणि पुश्किनला तिचा पहिला मोठा शिल्पकार मानतात. आणि गंमत ऐका. या ‘सर्वात रशियन’ कवीचे पणजोबा आफ्रिकेतून आलेले होते! लहानपणीच त्यांना रशियात आणलं गेलं आणि पीटर राजानेच त्यांना वाढवलं.

जपानहून आलेली पाहुणी

रशिया म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कुठली वस्तू येते? बरोबर! लाकडी बाहुली. उघडली की आत दुसरी, तिच्या आत तिसरी. तिचं नाव मात्र्योश्का. तुम्हाला वाटेल, ही हजार वर्षांची जुनी असणार. छे! तिचा जन्म १८९०च्या दशकातला. म्हणजे तिच्या आधी आपल्याकडे आगगाडी आली होती.

त्या काळी मॉस्कोजवळ काही कलावंत एकत्र आले होते. कारखान्यांचा माल आला आणि खेड्यातली कारागिरी बुडत चालली, हे पाहून ते अस्वस्थ झाले होते. त्यांनी खेळण्यांच्या कार्यशाळांना हाताशी धरलं. वासिली झ्व्योज्दोच्किन या कारागिराने लेथवर लाकूड फिरवून बाहुली घडवली आणि सेर्गेई माल्युतिन या चित्रकाराने ती रंगवली. डोक्याला रुमाल, हातात काळा कोंबडा. आत एकूण आठ बाहुल्या. ही कल्पना कुठून आली? जपानमधल्या एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुलीवरून, असं सांगतात. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तिला पदक मिळालं आणि ती रशियाची ओळख होऊन बसली.

म्हणजे कल्पना बाहेरची, लाकूड घरचं, रुमाल खेड्यातल्या बाईचा. मग ती रशियन नाही का? आहेच! ‘आपलं’ म्हणजे बाहेरचा वारा न लागलेलं, असं थोडंच आहे? बाहेरून आलेल्या गोष्टीत आपण आपला रंग भरतो, तेव्हा ती आपली होते. झाडीपट्टीच्या नाटकाचंही तसंच. रंगवलेले पडदे, विंगा, घंटा हे सारं शहरी नाटकातून आलं. पण त्यात दंडारीची गाणी, रात्रभराची जागरणं आणि धानाच्या बांधीतला मांडव मिसळला आणि ते झाडीपट्टीचं झालं.

उलटंही घडलेलं आहे बरं का! गेरासिम लेबेदेव नावाचा एक रशियन वादक फिरत फिरत कलकत्त्याला आला. तिथे बंगाली शिकला आणि १७९५ साली स्वतः नाट्यगृह उभारून त्याने बंगालीत नाटक केलं. आपल्या विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ साली. त्याच्या अठ्ठेचाळीस वर्षं आधी एक रशियन माणूस भारतीय भाषेत नाटक बसवत होता!

शब्दच नसलेलं राष्ट्रगीत

आता जरा अलीकडे येऊ. १९१७ साली रशियात क्रांती झाली. राजा गेला. पुढे रशिया आणि शेजारचे प्रदेश मिळून सोव्हिएत संघ बनला. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी गुळगुळीत कागदाची, सुंदर चित्रांची रशियन पुस्तकं मराठीत मिळायची का? ‘देनिसच्या गोष्टी’ हे नाव काढून बघा, एखाद्याचे डोळे नक्की चमकतील. ती पुस्तकं याच काळातली.

या देशाला १९४४ साली नवं राष्ट्रगीत मिळालं. शब्द लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते सेर्गेई मिखाल्कोव्ह, मुलांसाठी कविता लिहिणारे कवी. त्या गीतात तेव्हाचे सर्वसत्ताधीश स्टालिन यांचं नाव होतं. १९५३ साली स्टालिन वारले. मग त्यांच्या राजवटीतले जुलूम बाहेर येऊ लागले आणि ते नाव गाणं अवघड झालं. उपाय काय? वर्षानुवर्षं नुसती चाल वाजवायची, शब्द नाहीत! १९७७ साली मिखाल्कोव्ह यांनी शब्द बदलून दिले.

१९९१ साली सोव्हिएत संघच फुटला आणि पंधरा देश वेगळे झाले. रशियाने वेगळी, जुन्या संगीतकाराची चाल घेतली. पण तिलाही शब्द नव्हते. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा रशियन खेळाडू झेंड्यापुढे ओठ मिटून उभा राही! शेवटी २००० सालच्या डिसेंबरात जुनीच चाल परत आणली. नवे शब्द कुणी लिहिले, ओळखा पाहू? त्याच मिखाल्कोव्ह यांनी! तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. एकच चाल, एकच कवी आणि तीन वेळा वेगळे शब्द.

‘आपण कोण?’ या प्रश्नाचं उत्तर एका देशाला एका माणसाच्या आयुष्यात तीनदा बदलावं लागलं. शहरांचंही तेच. पीटरने वसवलेलं सेंट पीटर्सबर्ग १९१४ साली पेट्रोग्राड झालं, १९२४ साली लेनिनग्राड आणि १९९१ साली पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. हसू नका हं! आपलं चंद्रपूरही एके काळी सरकारी कागदांवर ‘चांदा’च होतं.

मोठी बाहुली आणि छोट्या बाहुल्या

रशियात फक्त रशियन लोक राहतात असं तुम्हाला वाटत असेल, तर चुकताय. तिथे तातार, बश्कीर, चुवाश, याकूत असे शंभराहून कितीतरी जास्त लोकसमूह आहेत. दागिस्तान हा डोंगराळ प्रदेश तर एवढासा, पण तिथे तीसच्या आसपास भाषा बोलतात! त्यांतल्या अवार भाषेत रसूल गम्झातोव्ह हे कवी लिहीत. ती भाषा बोलणारे काही लाख लोक. पण त्यांनी तीच धरून ठेवली आणि त्यांच्या कविता भाषांतरांतून जगभर पोचल्या.

सगळ्यांचं नशीब मात्र असं नसतं. मोठ्या भाषेपुढे लहान भाषा शाळेतून, मग घरातून आणि शेवटी आजीच्या तोंडूनही जाते. रशियातल्या कितीतरी लहान भाषांवर आज ही वेळ आली आहे.

आणि अभिमानाचीही एक अवघड बाजू असते. २०२२ सालच्या फेब्रुवारीत रशियाने शेजारच्या युक्रेनवर मोठा हल्ला केला. हजारो माणसं मेली, लाखो लोकांना घर सोडावं लागलं. युक्रेनमध्ये मग अनेक गावांनी पुश्किनचे पुतळे काढून टाकले. गोगोल हा मोठा लेखक जन्मला युक्रेनमध्ये आणि लिहिलं त्याने रशियनमध्ये. मग तो कुणाचा? यावर दोन्हीकडचे लोक भांडतात. दाईच्या गोष्टी लिहून काढणाऱ्या कवीला या लढाईतलं काय ठाऊक! पण ‘आमची संस्कृती मोठी, तुमची वेगळी अशी काही नाहीच’ असं कुणी म्हणू लागलं, की कविता आणि गाणीसुद्धा भांडणात ओढली जातात. आपल्या घरावर प्रेम करणं वेगळं आणि शेजाऱ्याला घरच नाही असं म्हणणं वेगळं. हा फरक नीट लक्षात ठेवा.

पुन्हा झाडीपट्टीत

चला, आता परत येऊ. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. या दोन जिल्ह्यांत किती भाषा कानावर पडतात, ठाऊक आहे? मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली. आपलीच एक छोटी दुनिया!

या मुलखातही ‘आमचं ते हलकं’ असं मानणारे होते आणि ‘आमचं ते आमचं’ म्हणून पदर खोचणारेही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी गावोगाव फिरून झाडीबोलीचे शब्द आणि लोककला गोळा केल्या. पुश्किनने दाईपुढे वही उघडली, तसंच हे काम. बोडी म्हणजे लहान तळं, बांधी म्हणजे धानाचं शेत, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. हे शब्द गेले, तर नुसते शब्द जात नाहीत. धान कसं पिकवायचं, पाणी कसं अडवायचं, याची समजही त्यांच्यासोबत जाते.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे हे झाडीपट्टीचे नट. शेतकऱ्याचा संसार सांभाळत त्यांनी पाच हजारांहून जास्त प्रयोगांत सुमारे आठशे भूमिका केल्या. लोक पोट दुखेस्तोवर हसायचे. २०२३ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. ज्या कलेला शहरातले लोक ‘खेडवळ’ म्हणत, तिचा सन्मान राष्ट्रपती भवनात झाला.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावात तर २०१९ साली ग्रामसभांनीच गोंडी माध्यमाची शाळा काढली. मुलांना आधी आईच्या भाषेत शिकू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. शाळेला सरकारी मान्यता नव्हती. तो वाद थेट कोर्टापर्यंत गेला. आपल्या भाषेत पाढे म्हणता यावेत म्हणून एका छोट्या गावाला किती झगडावं लागतं, बघा.

अण्णा भाऊ साठ्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला हा लेखक १९६१ साली रशियाला गेला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्याने लिहिलं. त्याच्या गोष्टी त्याआधीच रशियन भाषेत पोचल्या होत्या. २०२२ साली मॉस्कोतल्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्याचा पुतळा बसला. वाटेगावच्या मातीतली भाषा होती, म्हणून काही ती मॉस्कोत अडली नाही!

सगळं छान छान आहे असं मात्र समजू नका. २०२० साली करोना आला आणि झाडीपट्टीच्या हंगामाचं कंबरडं मोडलं. नट, वादक, पडदेवाले हातावर हात ठेवून बसले. आता गावोगाव मोबाइल पोचला आहे. रात्रभर थंडीत बसण्यापेक्षा पांघरुणात सिनेमा पाहणं सोपं. गर्दी खेचायची म्हणून सिनेमातले नट आणतात, सिनेमातली गाणी घालतात. यातलं किती घ्यावं? माल्युतिनने जपानी बाहुलीला रशियन रुमाल बांधला. त्याने रुमाल विसरला असता, तर ती नुसती नक्कल झाली असती. झाडीपट्टीपुढेही आज तेच कोडं आहे, आणि ते सोडवणारे नट-लेखक आज तुमच्याच वयाचे आहेत.

आता ती बाहुली पुन्हा डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात बाहेरची भारताची. ती उघडली की महाराष्ट्राची, तिच्या आत झाडीपट्टीची. मग गावाची, मग घराची. आणि सगळ्यात आतली, चिमुकली, जी उघडता येत नाही, ती तुमची स्वतःची. बाहेरची मोठी आहे म्हणून आतली काढून टाकली, तर काय राहील? हलवून बघा, नुसता पोकळ खडखडाट ऐकू येईल!

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना विचारा, ‘तुमच्या लहानपणी घरात बोलत होतात, पण शाळेत बोलायची लाज वाटायची, असे दहा शब्द सांगा.’ ते वहीत लिहा. प्रत्येकापुढे अर्थ लिहा आणि एक एक वाक्य करा. मग ती वही वर्गात मोठ्याने वाचा.

आणि हो! वर्गात कुणी ‘पानी’ म्हणालं, तर हसू नका. त्याला विचारा, ‘अजून काय काय म्हणता रे तुम्ही?’ बघा तो किती बोलतो ते!